मागचं मडगार्ड

१

मोतीलाल मेला मंगळवारी, सापडला बुधवारी सकाळी, आणि सापडला तोही नेमका धनसिंगला. ज्याने अख्खी नोकरी मढी बघत काढली, त्याच्याच नशिबी रिटायर झाल्यावर जिवलग दोस्ताचं मढं! देवाला तरी काही लाज हवी.

धनसिंग नाना मूळचा दोंडाईच्याकडचा. पोलिसात हवालदार म्हणून जळगावात आला, पिंप्राळ्यात घर बांधलं आणि तिथलाच होऊन गेला. रिटायर झालेली माणसं भजनाला जातात, बागेत बसून सरकारला शिव्या देतात. ह्याला नाद लागला जुन्या सायकलींचा, आणि तो लावला मोतीलालने. मोतीलालचं पत्र्याचं शेड ह्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दोघं मिळून बाजार पालथे घालायचे. पहूरला कोणा मास्तरच्या गोठ्यात पडलेली, दोंडाईच्यात कोणा व्यापाऱ्याने माळ्यावर फेकलेली सायकल स्वस्तात उचलायची, आणून धुवायची, नटवायची आणि एखाद्या गरजवंताला विकायची. सौदा करताना मोतीलाल आधी सायकलकडे चक्क पाठ करून उभा राहायचा आणि मालकाशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारायचा. "नाना, जिच्यावर मन बसलं तिच्याकडे बघायचं नाही. भाव चढतो," म्हणायचा. असा बेरकी माणूस, पण विकलेल्या सायकलची चेन वर्षभर फुकट आवळून देणारा.

बुधवारी धनसिंग गुडघा चोळत चोळत शेडवर गेला. उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याचं बाहेर पडणं एवढंच उरलं होतं. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत पाहिलं तर मोतीलाल पालथा पडलेला, डोक्यामागे रक्त सुकून काळं झालेलं, बाजूला सीटचा लोखंडी दांडा. धनसिंगने हाक मारली नाही. मेलेलं माणूस लांबून ओळखू येतं, तेवढं तरी नोकरीने शिकवलं होतं. तो तिथेच जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

फौजदार सोनल मॅडम आल्या तेव्हा त्याने तोंड पुसलेलं होतं. मॅडम सांगलीकडच्या, वयाने तरुण, पण डोक्याने थंड. धनसिंगला त्या नाना म्हणत.

"नाना, इथलं सगळं तुमच्या नजरेखालचं आहे. काय गेलंय ते सांगा."

गल्ला जागेवर होता. नव्या चेन, डायनॅमो, टायर जिथल्या तिथे. मग धनसिंगची नजर पंक्चर काढायच्या घमेल्यावर गेली. ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचं ते पाण्याचं घमेलं. त्यात काहीतरी फुगून तरंगत होतं.

"त्याचं जेवण सांडलं असेल," मॅडम म्हणाल्या.

धनसिंगने तुकडा उचलून तळहातावर घेतला. जाड, तळलेला, गुळाचा वास येणारा. त्याचा हात थांबला.

"जेवण नाही मॅडम. हा कानबाईचा रोट आहे. रविवारी आमच्याकडे खानदेशात घरोघर कानबाई देवी बसली, सोमवारी सकाळी विसर्जनाला नदीवर गेली. तिचा हा प्रसाद. तो भाऊबंदांनीच खायचा, घराण्याबाहेर तुकडा द्यायचा नाही. पौर्णिमेच्या आत संपवायचा. पायदळी आला तर घरातल्या बाया जीव खातात."

"मग पंक्चरच्या पाण्यात कसा आला?"

"तेच तर म्हणतो. मोतीलालच्या घरी कानबाई बसत नाही."

मॅडम पुढे काही विचारणार तोच त्यांचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांची भुवई वर गेली.

"चोपडा रस्त्यावर एक जण सापडलाय, नाना. ह्या शेडचं नाव असलेल्या सायकलीवर."

२

सापडलेला माणूस होता खाज्या. सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा आदिवासी, पावसाळ्यात घरची कोरडवाहू शेती आणि एरवी केळीच्या बागांत मजुरी. ठाण्याच्या भिंतीला पाठ लावून तो उकिडवा बसला होता. गाल सुजलेला. कोणी सुजवला हे धनसिंगने विचारलं नाही, त्याला माहीत होतं.

"शेठने देली सायकल," खाज्या म्हणाला. "सोमवारी देली. फुकट देली."

कोपऱ्यातला शिपाई फिस्सकन हसला. जुन्या सायकलींचा धंदा करणारा फुकट देतो म्हणे! मोतीलालचा चिकटपणा साऱ्या पिंप्राळ्याला ठाऊक होता.

"कशाला दिली फुकट?" धनसिंगने विचारलं.

"माझ्या भावाची व्हती म्हणून. वनाची."

आणि मग ते सगळं बाहेर आलं. वना हा खाज्याचा थोरला भाऊ. पहूरच्या बाजूला शेतमजुरी करायचा. गेल्या होळीला, होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजारासाठी सायकलने घरी निघाला आणि पोचलाच नाही. रस्त्याकडेच्या पाटचारीत सापडला. पाण्यात पडून मेला म्हणाले. तोंडाला दारूचा वास होता, म्हणून दारूच्या नशेत पडला असं ठरवून कागद मिटले. सायकल मिळालीच नाही, ती कोणी चोरून नेली असेल म्हणाले. पावऱ्याच्या जुन्या सायकलीसाठी कोण ऊर फोडून घेतो?

"सोमवारी मी शेडवर स्वस्तातली सायकल बघाया गेलो. रंग नवा मारलेला. पण दांडीवर कडं दिसलं. वनाने विळा अडकवाया वेल्डिंग करून घेतलेलं. मी रडलो. शेठने समदं विचारलं. मंग म्हणला, ही तुझीच, घेऊन जा. मागचं जुनं मडगार्ड काढून ठेवलंय तेवढं राहू दे, म्हणला. ते पोलिसाला दाखवायचं हाय."

"कोणी पाहिलं तुला सोमवारी नेताना?" मॅडमनी विचारलं.

खाज्याने मान हलवली. कोणी नाही.

बाहेर व्हरांड्यात मॅडमनी आवाज खाली आणला. "नाना, वाईट वाटून घेऊ नका. भावाची सायकल मोतीलालकडे दिसली, ह्याला वाटलं त्यानेच भावाला मारलं. राग आला, दांडा हाताशी होता. उद्या कोर्टात उभा करते. वरून दोनदा फोन येऊन गेलेत."

पायरीवर एक बाई बसली होती, खाज्याची बायको रेशमा. कोणीतरी तिला सांगितलं असावं की हे म्हातारे जुने पोलीस. ती उठून समोर आली, हात जोडले नाहीत, रडली नाही.

"नाना, वना गेला तवा तुमच्या लोकांनी दारुड्या म्हणलं. आता ह्याला खुनी म्हणतात. म्हातारी सासू, दोन पोरं. हा जेलात गेला तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं? तुमचा तर दोस्त मेला ना? मंग खरं कोणी केलं ते बघा की."

धनसिंगला ते बोलणं वर्मी लागलं. तो अंगणात उभ्या केलेल्या सायकलीकडे गेला. पुढचं मडगार्ड जुनं, मागचं कोरं करकरीत. मागचं चाक धरणाऱ्या चौकटीच्या दोन्ही दांड्या ठोकून सरळ केलेल्या, ठोक्यांचे वळ रंगाखालून दिसत होते. सायकलवरून नशेत पडलेल्या माणसाची सायकल पुढून वाकते, नाहीतर बाजूने. ही मागून वाकली होती.

वनाला मागून कोणीतरी ठोकलं होतं, आणि ठोकून सायकल गायब केली होती.

३

"मॅडम, चला माझ्याबरोबर शेडवर," धनसिंग म्हणाला.

मोतीलालची एक खोड होती. जुनी सायकल आणली की ती शेवटच्या नटापर्यंत सोडायची, रॉकेलने धुवायची, आणि काढलेला भाग कितीही भंगार असो, मागच्या तारेवर टांगून ठेवायचा. गिऱ्हाईक फिरून येतं आणि म्हणतं माझं जुनंच द्या, असं त्याचं म्हणणं. तारेवर गंजक्या रिमा होत्या, तुटके कॅरिअर होते, सीटची कातडी होती. मडगार्ड एकही नव्हतं.

"खाज्याने वाटेत फेकलं असेल," मॅडम म्हणाल्या, पण त्यांचाच आवाज पडला. त्या तारेखाली उभ्या राहून विचार करत होत्या. "नाही, थांबा. ते मडगार्ड तर खाज्याच्या भल्याचं होतं. भावाला कोणी ठोकलं त्याचा पुरावा. तो कशाला फेकेल? आणि नवे टायर सोडून वाकडं मडगार्ड कोण नेतो?"

"ज्याच्या गाडीचा रंग त्याला चिकटलाय तो नेतो."

"बरोबर. म्हणजे मोतीलालला रंग दिसला होता, आणि गाडीही कळली होती."

शेडच्या दारात नवल उभा होता, मोतीलालचा धाकटा भाऊ. ह्या शेडच्या जागेवरून दोघा भावांची वर्षभर धुसफूस चालली होती. नवलला इथे गाळे काढायचे होते, मोतीलालला सायकली सोडायच्या नव्हत्या. गल्लीत कुजबूज सुरू झालीच होती, आणि ती नवलच्या कानावरही गेलेली दिसत होती.

"माझ्यावर डोळा आहे ना तुमचा?" तो आल्या आल्या उसळला. "भांडलो मी, हो! दहादा भांडलो. पण भाऊ होता माझा तो. मंगळवारी सकाळी माझ्यासमोर चहा पिऊन आला इथे."

"मग रात्री घरी आला नाही तर शोधला का नाही?" धनसिंगने विचारलं.

"दादा सायकल बघायला निघाला की न सांगता दोंडाईच्याला मुक्काम ठोकायचा. तुम्हीच जायचात ना संगती, नाना? आम्हाला वाटलं गेला असेल." नवलचा आवाज एकदम चिरकला. "सोमवारपासून तो बेचैनच होता. जेवताना मला म्हणाला, नवल, आपल्या जवळच्या माणसाच्या पोराने पाप केलं असेल तर आधी बापाला सांगावं का पोराला? मी म्हटलं, पोलिसाला सांग. तर म्हणाला, नको रे, पोराला एक संधी देऊ. स्वतःहून कबूल झाला तर बापाची मान तरी ताठ राहील."

"कोणाचा पोरगा?" मॅडमनी विचारलं.

"नाव नाही सांगितलं. पण नाना, दादाला जवळची माणसं अशी होती किती?"

धनसिंगने नवलकडे पाहिलं. नवललाही पोरगा होता, मालवाहू गाडी चालवणारा. तोच असेल, असं धनसिंगने स्वतःला सांगितलं. आणि घमेल्यातला रोट? त्याचा विचार त्याने मुद्दाम बाजूला सारला. जळगावात कानबाईची घरं काय थोडी आहेत?

४

सायकल मोतीलालला विकली होती बबलू भंगारवाल्याने, हे मोतीलालने खाज्यालाही सांगितलं होतं. बबलूचं गोदाम गावाबाहेर. माणूस तसा उडाणटप्पू, बोलायला लागला की थांबायचा नाही. आज मात्र धनसिंगला बघून त्याने काट्यावरचं लोखंड उगाचच खालीवर केलं.

"नाना, चहा?"

"चहा नको. दांडीवर कडं असलेली सायकल तू कुठून आणलीस?"

"अरे नाना, मला कुठे आठवतंय! रोज गाडीभर भंगार येतं."

"मोतीलालने सोमवारी हेच विचारलं असेल ना तुला?"

बबलूने लोखंड खाली ठेवलं. मग म्हणाला, "विचारलं. संध्याकाळी आले होते. मी सांगितलं त्यांना. मला काय माहीत असं होईल म्हणून? आईची शपथ, मी त्यांच्या अंगाला हात नाही लावला. मंगळवारी मी दिवसभर भुसावळला होतो, विचारा कोणाला पण."

"तुझ्यावर कोण म्हणतंय? मला ठिकाण सांग."

"नाना, तुम्ही मॅडमला पाठवा. मॅडमला सांगतो मी."

"का रे? मला सांगायला जीभ झडते?"

बबलूने डोकं खाजवलं, इकडे तिकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं होतं.

"त्या पोराने सांगितलं होतं कापून टाक म्हणून. सायकल कापायची, आख्खी विकायची नाही. पण चांगली चालती सायकल कोण कापतो, नाना? वाकली होती तेवढीच. मोतीशेठने लगेच उचलली. लालूच नडली मला."

"कोणत्या पोराने?"

"उन्हाळ्यात तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा. पहूर रोडला, तुमच्या मळ्यातल्या खोलीतून उचलली मी ती. तेजसभाऊंनी फोन करून बोलावलं होतं."

५

तेजस हा धनसिंगचा एकुलता एक. ठिबकच्या नळ्यांची एजन्सी, चंदेरी मोटार, साऱ्या भाऊबंदांत नाव काढलेला पोरगा. होळीच्या वेळी त्याच्या गाडीचा बंपर नवा बसवला होता. रानडुक्कर आडवं आलं म्हणून सांगितलं होतं, आणि एवढा मुरलेला हवालदार, पण पोराचं बोलणं म्हणून त्याने ते गिळलं होतं. मळ्यातलं भंगार काढून टाक, असं दवाखान्याच्या खाटेवरून त्यानेच पोराला सांगितलं होतं.

घरी आला तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. तानुबाईने ताट वाढलं. धनसिंग ताटावर बसला, पण घास उचलला नाही.

"मंगळवारी तेजसले डबा दिन्हा व्हता तू?"

"दिन्हा ना. दोन रोट व्हतात. संपाडना पडतस ना पुनीना आत." तानुबाईने सहज सांगितलं. "पण काय खादं त्यानी देव जाणे. सांजले घर उना तर उपाशी मानूसनामायक जेवना. डबाबी दुकानवर इसरी गया म्हने. ओ, तुम्ही जेवा ना, काय व्हयनं तुमले?"

तेजस आतल्या खोलीतच होता. काल संध्याकाळपासून डोकं दुखतंय म्हणून पडून होता. धनसिंग आत गेला आणि खाटेच्या कडेला बसला.

"तेजस, मडगार्ड कुठे टाकलंस?"

पोरगा भिंतीकडे तोंड करून पडला होता तो तसाच पडून राहिला.

"मी सांगतो, तू फक्त ऐक," धनसिंग म्हणाला. "मोतीलालने तुला मंगळवारी दुपारी बोलावलं. मडगार्ड दाखवलं, त्याला तुझ्या गाडीचा रंग होता. म्हणाला, तू स्वतः ठाण्यावर जा, मी संगती येतो. तुझं डोकं फिरलं. झटापटीत डबा सांडला, रोट खाली पडले, रक्तात पडले. आता ते खाता येईनात, घरी नेता येईनात, आणि तिथे पायदळी टाकायला तुझं मन धजेना. लहानपणापासून आईने तुला शिकवलं, रोट पोटात जातो, नाहीतर गाईला, नाहीतर पाण्यात. गाय तिथे नव्हती. घमेल्यात पाणी होतं. माणूस मारला तुझ्या हाताने, पण रोट टाकवला नाही!"

तेजस उठून बसला.

"पप्पा, मी पाया पडलो काकांच्या. म्हटलं, ते मडगार्ड मला द्या. ते म्हणत होते, तुझ्या बापाच्या तोंडाकडे बघ. मला तेच तर नको होतं! तुमच्यापर्यंत यायला नको होतं. दांडा कधी उचलला मला कळलं नाही."

"मडगार्ड?"

"मळ्यातल्या विहिरीत."

"आणि वना?"

तेजसने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "अंधार पडत होता. तो रस्त्याच्या मधून चालला होता. उतरून पाहिलं तर... पप्पा, तो कण्हत होता. पाणी मागत होता. मला वाटलं, दवाखान्यात नेलं तर सगळं जाईल, एजन्सी, लग्न, सगळंच. मी त्याला पाटचारीत लोटला आणि सायकल डिकीत टाकली."

दारात काहीतरी पडलं. तानुबाई उभी होती, पायाशी पाण्याचा तांब्या आडवा. तिने सगळं ऐकलं होतं. तिने आधी दार लावलं, मग नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

"कोनले सांगानं नही. आयकी ऱ्हायनात का? माले एकच आंडोर शे. त्या पावरासाठे आपू वकील देऊत, मोठा वकील देऊत, तो सुटी जाई. मना पोरले नका देऊ."

"तानू, तो दुसऱ्याचा पोर आहे. त्याच्या गालावर मार मी बघून आलोय."

"मंग माले मारा आधी!" ती ओरडली.

धनसिंग रडत होता, आणि त्याला ते लपवायचंही नव्हतं. त्याने तिचा हात हळूच सोडवला. पोराच्या अंगावर शर्ट चढवला, गुंड्या स्वतः लावल्या, शाळेत पाठवताना लावायचा तशा.

६

स्कूटरवर तेजस मागे बसला होता. ठाणं जवळ आल्यावर तो बापाच्या कानाशी म्हणाला, "पप्पा, मोतीकाकांचं सगळं सांगतो मी. पण तो सायकलवाला जिवंत होता तेवढं नका सांगू. ठोकर लागून पाण्यात पडला एवढंच. तेवढं तरी माझ्यासाठी."

धनसिंगने मान हलवली, आणि ती होकाराची होती.

ठाण्याच्या दारात सोनल मॅडम जीपमध्ये चढत होत्या. बाप-लेकांना बघून त्या खाली उतरल्या. मोतीलालच्या फोनवरून शेवटचा फोन कोणाला लागला होता ते त्यांच्या हाती आलं होतं, आणि त्या पिंप्राळ्यालाच निघाल्या होत्या.

"नाना," एवढंच त्या म्हणाल्या आणि तेजसला आत नेलं.

मग जबाब झाले. आधी पोराचा, नंतर बापाचा. तेजसने ठरल्याप्रमाणे सांगितलं, की धडक बसली, सायकलवाला उडून पाण्यात पडला, मी भिऊन पळालो. धनसिंगने रोट, मडगार्ड, बबलू, विहीर, एकूण एक गोष्ट सांगितली. घरात पोरगा आणखी काय बोलला, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, एवढंच. आजवर लोकांना खरं बोलायला लावून जगलेला माणूस, त्याच खोलीत बसून खोटं बोलला. आणि बोलताना त्याला शरमसुद्धा वाटली नाही, एवढं पोराचं प्रेम असतं.

ऊन कलताना खाज्याला सोडला. रेशमा पायरीवर सकाळपासून बसलेली तशीच होती. नवऱ्याला बाहेर येताना बघून ती उठली, त्याच्या सुजलेल्या गालाला हात लावला, आणि दोघं धनसिंगकडे आले. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की नानांनी खरा माणूस आणून दिला. रेशमा त्याच्या पाया पडायला वाकली.

धनसिंग दोन पावलं मागे सरकला. "नको बाई. माझ्या पाया पडू नको. ज्याने तुझ्या दिराला मारलं तो माझा पोरगा आहे."

ती वाकलेली तशीच क्षणभर राहिली, मग सरळ झाली. तिने शिवी दिली असती तर धनसिंगला बरं वाटलं असतं. तिने खाज्याचा दंड धरला आणि त्याला फाटकाकडे ओढू लागली. पण खाज्या हलेना. तो धनसिंगच्या तोंडाकडे एकटक बघत होता.

"नाना, एक सांगा. म्हातारी मला रोज विचारती. गाडीने ठोकला तवाच गेला का तो? का पाण्यात पडला तवा जिता व्हता?"

व्हरांड्यात पंखा घरघरत होता. खिडकीतून धनसिंगला आत बाकड्यावर बसलेला तेजस दिसत होता, आणि तेजसलाही तो दिसत होता. नाही म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. म्हातारीलाही त्याने बरंच वाटलं असतं. कदाचित देवानेही माफ केलं असतं.

"जिता होता," धनसिंग म्हणाला. "पाणी मागत होता."

खाज्याने मान खाली घातली. रेशमाच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला आणि तिने पदर तोंडात कोंबला. दोघं फाटकाबाहेर गेले आणि चोपड्याच्या रस्त्याने चालत निघाले, कारण सायकल आता कोर्टाचं काम संपेपर्यंत ठाण्यातच राहणार होती.

धनसिंग ते वळणाआड जाईपर्यंत उभा राहिला. मग वळला, पायऱ्या चढून परत आत गेला आणि मॅडमच्या टेबलासमोरची खुर्ची ओढली.

"मॅडम, माझा जबाब परत काढा," तो म्हणाला. "त्यात एक वाक्य राहिलंय."